घरगुती मेश वाय-फाय जाळे

घरगुती मेश वाय-फाय जाळे ही एकाच घरात दोन किंवा अधिक बिनतारी केंद्रे परस्परांना जोडून उभारलेली संगणकीय जाळ्याची रचना होय. या केंद्रांना नोड असे म्हणतात. सर्व नोड एकच नाव आणि एकच संकेतशब्द वापरतात, त्यामुळे वापरकर्त्याला संपूर्ण घरात एकच वाय-फाय असल्याचे जाणवते. एकट्या राउटरचा संकेत जेथे पोहोचत नाही अशा खोल्यांपर्यंत इंटरनेट पोहोचवणे हा या रचनेचा मुख्य हेतू आहे.

दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या स्ट्रीमिंग उपकरणांना या जाळ्यात अनेकदा अडचणी येतात. चित्र मध्येच थांबणे, भ्रमणध्वनीला दूरचित्रवाणी संच न सापडणे, जोडणी वारंवार तुटणे ही त्यांची नेहमीची लक्षणे आहेत. लक्षणे सारखी दिसली तरी कारणे वेगवेगळी असतात. कारण न शोधता नवा नोड विकत घेणे किंवा उपकरण मूळ स्थितीला नेणे यामुळे खर्च वाढतो आणि दोष मात्र तसाच राहू शकतो. प्रस्तुत लेखात या जाळ्याची कार्यपद्धती, दोषांची कारणे आणि निदानाचा क्रम दिला आहे.

इतिहास

बिनतारी स्थानिक जाळ्यांसाठीचे आयईईई ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या उद्योगसंघाने या तंत्रज्ञानाला वाय-फाय हे व्यापारी नाव दिले. हा संघ पुढे वाय-फाय अलायन्स या नावाने ओळखला जाऊ लागला. प्रारंभीच्या काळात एका घरात एकच राउटर असे. त्याचा आवाका वाढवण्यासाठी संकेत पुन्हा प्रक्षेपित करणारे रिपीटर वापरले जात. मात्र रिपीटरचे जाळे बहुधा वेगळ्या नावाचे असे आणि प्रत्येक उपकरणाची मांडणी स्वतंत्रपणे करावी लागे.

मेश ही कल्पना घरगुती वापराच्या आधी सामुदायिक जाळ्यांत रुजली. स्पेनमधील कॅटालोनिया प्रांतातील गिफी.नेट आणि जर्मनीतील फ्रायफुंक ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. भारतात हिमाचल प्रदेशातील धरमशाला येथे २००५ मध्ये असे जाळे उभे राहिले. मेश जाळ्यांसाठीची ८०२.११एस ही मानकातील सुधारणा २०११ मध्ये मंजूर झाली. २०१६ मध्ये ईरो आणि गूगल वायफाय ही उत्पादने बाजारात आल्यानंतर घरगुती मेश संच सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचले. निरनिराळ्या उत्पादकांचे नोड एकत्र चालावेत यासाठी वाय-फाय अलायन्सने २०१८ मध्ये ईझीमेश हा प्रमाणन कार्यक्रम सुरू केला. तरीही अनेक उत्पादक स्वतःची पद्धत वापरतात, त्यामुळे दोन कंपन्यांचे नोड एकत्र चालतीलच असे नाही.

रचना आणि कार्यपद्धती

मेश संचातील एक नोड तारेने इंटरनेटच्या यंत्राला जोडलेला असतो. त्यास मुख्य नोड म्हणतात. इतर नोड, म्हणजेच उपनोड, मुख्य नोडशी बिनतारी मार्गाने किंवा इथरनेट तारेने जोडले जातात. नोड-नोडमधील या दुव्यास बॅकहॉल अशी संज्ञा आहे. उपनोडला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची सर्व माहिती बॅकहॉलवरून जाते. म्हणून त्या उपकरणाला मिळणारा वेग बॅकहॉलच्या वेगापेक्षा अधिक असू शकत नाही.

घरगुती वाय-फाय मुख्यत्वे २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ या दोन वारंवारता पट्ट्यांत चालते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. त्या भिंतींतून तुलनेने चांगल्या जातात, परंतु हा पट्टा अरुंद आहे. त्यात २० मेगाहर्ट्‌झ रुंदीची १, ६ आणि ११ ही तीनच चॅनेल एकमेकांवर न येता वापरता येतात. शेजाऱ्यांची वाय-फाय जाळी, ब्लूटूथ उपकरणे आणि मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यात असल्याने येथे गर्दी होते. ५ गिगाहर्ट्‌झ पट्टा रुंद आणि वेगवान आहे, मात्र भिंती व अंतर यांमुळे त्याचा संकेत लवकर क्षीण होतो.

दोन पट्ट्यांच्या संचात बॅकहॉल आणि घरातील उपकरणे बहुधा एकच ५ गिगाहर्ट्‌झ रेडिओ वाटून घेतात. अशा वेळी प्रत्येक पॅकेट त्याच चॅनेलवर दोनदा पाठवावे लागते आणि प्रत्यक्ष वेग जवळपास निम्मा होतो. एक उपनोड दुसऱ्या उपनोडमार्गे जोडलेला असल्यास वेग आणखी घटतो. तीन पट्ट्यांच्या संचात बॅकहॉलसाठी वेगळा रेडिओ राखून ठेवता येतो. इथरनेट तारेचा बॅकहॉल हा सर्वांत भरवशाचा पर्याय आहे.

कोणत्या नोडशी जोडून घ्यायचे याचा अंतिम निर्णय जाळे घेत नसून उपकरण घेते. ८०२.११के आणि ८०२.११व्ही या सुधारणांमुळे जाळे उपकरणाला जवळच्या नोडची माहिती देऊ शकते व तेथे जाण्यास सुचवू शकते. ८०२.११आर मुळे नोड बदलताना लागणारा वेळ कमी होतो. परंतु उपकरणाला या सुविधा ठाऊक नसतील, तर ते दूरच्या नोडला चिकटून राहते.

स्ट्रीमिंग उपकरणांची जोडणी

स्ट्रीमिंग उपकरण दोन स्वतंत्र मार्गांवर अवलंबून असते. निदान करताना हा भेद लक्षात घेणे सर्वांत महत्त्वाचे ठरते.

पहिला मार्ग उपकरणापासून इंटरनेटवरील सेवेपर्यंतचा आहे. चित्रफीत काही सेकंदांच्या तुकड्यांत विभागलेली असते आणि प्रत्येक तुकडा अनेक दर्जांत उपलब्ध असतो. वेग कमी झाल्यास उपकरण पुढील तुकडा कमी दर्जाचा मागवते. चित्रपट पाहताना बरेच तुकडे आगाऊ साठवता येतात. थेट प्रक्षेपणात पुढचे तुकडे अद्याप तयारच झालेले नसतात, त्यामुळे साठा अल्प राहतो. म्हणूनच ज्या घरात चित्रपट सुरळीत चालतो, त्याच घरात क्रिकेटचा थेट सामना अडखळू शकतो. अशा वेळी सरासरी वेगापेक्षा त्यातील क्षणिक खंड अधिक कारणीभूत असतो.

दुसरा मार्ग घरातल्या घरात, भ्रमणध्वनीपासून दूरचित्रवाणीपर्यंतचा आहे. भ्रमणध्वनीवरून चित्रफीत दूरचित्रवाणीवर पाठवताना भ्रमणध्वनी प्रथम जाळ्यातील सर्वांना उद्देशून विचारणा करतो. यासाठी मल्टिकास्ट डीएनएस किंवा एसएसडीपी हे शिष्टाचार वापरले जातात. पहिल्याची विचारणा २२४.०.०.२५१ या पत्त्यावर आणि दुसऱ्याची २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर जाते. अशा विचारणा सामान्यतः एका जाळ्याच्या सीमेबाहेर जात नाहीत. परिणामी दोन्ही उपकरणांना इंटरनेट उत्तम मिळत असूनही ती एकमेकांना सापडत नाहीत, अशी स्थिती उद्भवू शकते.

निदानाचा क्रम

दोष शोधताना इंटरनेटच्या प्रवेशापासून सुरुवात करून दूरचित्रवाणीपर्यंत एकेक टप्पा तपासत जावे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम नोंदवावा. अनेक बदल एकदम केल्यास कोणत्या बदलाने दोष गेला हे समजत नाही, आणि तो परत आल्यास शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

१. दोषाची व्याप्ती ठरवावी. एकच उपकरण अडते, एका नोडवरील सर्व उपकरणे अडतात, की संपूर्ण घर अडते, हे आधी पाहावे. एकच ॲप अडत असून त्याच उपकरणावरील इतर ॲप चालत असल्यास दोष बहुधा सेवेकडे किंवा त्या ॲपमध्ये असतो.

२. इंटरनेट सेवेच्या यंत्राला संगणक तारेने जोडून वेग मोजावा. येथेच वेग कमी असल्यास मेश संचात बदल करून उपयोग नाही. सेवापुरवठादाराकडे तक्रार करावी.

३. मुख्य नोडजवळ उभे राहून वाय-फायवर वेग मोजावा. येथे वेग चांगला आणि उपनोडजवळ फारच कमी असल्यास दोष बॅकहॉलमध्ये आहे.

४. उपनोडजवळ वेग चांगला, पण दूरचित्रवाणीवर कमी असल्यास दोष उपकरण, त्याची जागा किंवा त्याने निवडलेला नोड यांपैकी एकात आहे.

५. उपकरणाचा आयपी पत्ता पाहावा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असल्यास उपकरणाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. भ्रमणध्वनी व दूरचित्रवाणी यांच्या पत्त्यांचे पहिले तीन भाग वेगळे असल्यास ती दोन बहुधा वेगळ्या जाळ्यांत आहेत.

६. शक्य असल्यास उपकरण काही काळ तारेने जोडून पाहावे. तारेवर दोष नाहीसा झाल्यास तो बिनतारी दुव्यात होता हे सिद्ध होते.

वेग मोजताना मेगाबिट आणि मेगाबाइट यांत गल्लत होऊ देऊ नये. एक मेगाबाइट म्हणजे आठ मेगाबिट. नेटफ्लिक्स या सेवेच्या शिफारशीनुसार १०८०पी चित्रासाठी सेकंदाला ५ मेगाबिट आणि ४के चित्रासाठी १५ मेगाबिट वेग पुरेसा असतो. याचा अर्थ १०० मेगाबिटच्या जोडणीवर एका दूरचित्रवाणीचे चित्र अडत असेल, तर अधिक वेगाची योजना घेण्याने ते सुधारण्याची शक्यता कमी असते.

सामान्य दोष आणि उपाय

नोडची चुकीची जागा

जेथे वाय-फाय मुळीच पोहोचत नाही त्या खोलीत उपनोड ठेवणे ही सर्वाधिक आढळणारी चूक होय. उपनोड स्वतः संकेत निर्माण करत असला, तरी त्याला मुख्य नोडकडून माहिती मिळावी लागते. त्याची योग्य जागा ही संकेतहीन खोली आणि मुख्य नोड यांच्या मधोमध, म्हणजे जेथे मुख्य नोडचा संकेत अद्याप चांगला आहे तेथे असते.

संकेताची तीव्रता डीबीएम या एककात ऋण संख्येने दर्शवतात. शून्याच्या जवळची संख्या म्हणजे अधिक बळकट संकेत. चित्रप्रवाहासाठी सुमारे −६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला संकेत असावा; −८० डीबीएमच्या आसपास जोडणी टिकणे कठीण होते. दर ३ डेसिबल घटीमागे संकेताची शक्ती निम्मी होते. भ्रमणध्वनीवर दिसणाऱ्या पट्ट्या उपकरण आणि नोड यांच्यातील संकेत दाखवतात, बॅकहॉलचा नव्हे. त्यामुळे उपनोडजवळ सर्व पट्ट्या दिसूनही इंटरनेट संथ असू शकते.

नोड धातूच्या कपाटात, दूरचित्रवाणीच्या मागे, आरशाजवळ, शीतकपाटाच्या वर किंवा पाण्याच्या टाकीजवळ ठेवू नये. त्याचप्रमाणे छोट्या घरात गरजेपेक्षा अधिक नोड लावू नयेत. ते एकमेकांच्याच चॅनेलवर गर्दी करतात आणि उपकरणे त्यांच्यात घुटमळत राहतात.

दूरच्या नोडला चिकटणे

वीजपुरवठा खंडित होऊन परत आल्यावर सर्व यंत्रे एकाच वेळी सुरू होतात. दूरचित्रवाणी सुरू होताना शेजारचा नोड तयार नसेल, तर ती आधी तयार झालेल्या दूरच्या नोडला जोडली जाते आणि पुढे तेथेच राहते. जाळे पूर्णपणे सुरू झाल्यावर, म्हणजे काही मिनिटांनी, केवळ स्ट्रीमिंग उपकरण बंद करून पुन्हा चालू केल्यास ते बहुधा जवळच्या नोडकडे जाते. काही संचांच्या ॲपमध्ये एखादे उपकरण विशिष्ट नोडला बांधून ठेवण्याची सोय असते. एका जागी राहणाऱ्या दूरचित्रवाणीसाठी ती उपयुक्त आहे.

एका घरात दोन राउटर

भारतात फायबर सेवेसोबत मिळणारे ओएनटी यंत्र अनेकदा स्वतःच राउटर आणि वाय-फाय केंद्र असते. त्यापुढे मेश संच राउटर म्हणूनच जोडल्यास घरात दोन राउटर आणि दोन जाळी तयार होतात. केवळ चित्रपट पाहण्यास याने सहसा अडथळा येत नाही. परंतु भ्रमणध्वनी ओएनटीच्या वाय-फायवर आणि दूरचित्रवाणी मेशवर असल्यास ती एकमेकांना सापडत नाहीत. दोन्ही राउटर १९२.१६८.१ हीच पत्त्यांची मालिका वापरत असल्यास गोंधळ अधिक वाढतो. ओएनटीच्या वाय-फायला मेशचेच नाव व संकेतशब्द दिल्यास दोष अधिक फसवा होतो, कारण उपकरण कोणत्या जाळ्यात आहे हे नावावरून कळेनासे होते.

यावर पुढील उपाय आहेत.

* मेश संच ॲक्सेस पॉइंट प्रकारात चालवणे. यात पत्ते वाटण्याचे काम ओएनटीकडेच राहते आणि घरात एकच जाळे उरते. काही संचांत या प्रकारात पालक-नियंत्रणासारख्या सुविधा मिळत नाहीत.
* ओएनटी ब्रिज प्रकारात चालवणे. यासाठी सेवापुरवठादाराची मदत आणि अनेकदा पीपीपीओई जोडणीचे नाव व संकेतशब्द लागतात. त्याच यंत्रावर दूरध्वनी चालत असल्यास त्यावर परिणाम होणार नाही ना, हे आधी विचारावे.
* किमानपक्षी ओएनटीचे वाय-फाय बंद करणे, जेणेकरून सर्व बिनतारी उपकरणे मेशवर येतील.

परस्परांना न सापडणारी उपकरणे

अतिथी जाळे हे सुरक्षेसाठी मुद्दाम वेगळे ठेवलेले असते. भ्रमणध्वनी मुख्य जाळ्यात आणि दूरचित्रवाणी अतिथी जाळ्यात असल्यास प्रक्षेपण होत नाही. क्लायंट आयसोलेशन ही सुविधा चालू असल्यास एकाच जाळ्यातील उपकरणेही एकमेकांपासून तोडली जातात. काही नोड मल्टिकास्ट पॅकेट पुढे पाठवण्यात चुका करतात. आयजीएमपी स्नूपिंग ही सुविधा बंद किंवा चालू करून फरक पडतो का ते पाहता येते.

दोष भ्रमणध्वनीतही असू शकतो. आयओएस १४ या २०२० च्या आवृत्तीपासून आयफोनवरील प्रत्येक ॲपला स्थानिक जाळे पाहण्यासाठी वेगळी परवानगी लागते. ती नाकारलेली असल्यास त्या ॲपला दूरचित्रवाणी दिसत नाही, इतर ॲपना मात्र दिसते. भ्रमणध्वनीवर व्हीपीएन चालू असल्यास किंवा तो मोबाइल डेटावर गेलेला असल्यासही हेच लक्षण दिसते.

पट्टा, चॅनेल आणि सुरक्षा प्रकार

५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील काही चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. ती वापरण्यापूर्वी नोडला किमान एक मिनिट रडारचा संकेत नसल्याची खात्री करावी लागते, आणि रडार आढळल्यास चॅनेल तत्काळ सोडावे लागते. अशा वेळी जोडणी अचानक तुटते. काही स्ट्रीमिंग उपकरणांना ही चॅनेल दिसतच नाहीत. दूरचित्रवाणीला ५ गिगाहर्ट्‌झचे जाळे दिसत नसल्यास ३६ ते ४८ मधील चॅनेल निवडून पाहावे.

२०१८ मध्ये जाहीर झालेला डब्ल्यूपीए३ हा सुरक्षा प्रकार अनेक जुन्या उपकरणांना समजत नाही. संकेतशब्द बरोबर असूनही जुने उपकरण तो नाकारत असल्यास डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ यांचा मिश्र प्रकार निवडावा. मिश्र प्रकारही न चालल्यास त्या उपकरणापुरते डब्ल्यूपीए२ असलेले वेगळे जाळे ठेवता येते. एका जुन्या उपकरणासाठी संपूर्ण घराचे जाळे संकेतशब्दाविना ठेवणे किंवा डब्ल्यूईपी हा मोडीत निघालेला प्रकार वापरणे धोक्याचे आहे.

वीजपुरवठा आणि उपकरणाची जागा

दूरचित्रवाणीच्या मागे खोचले जाणारे स्ट्रीमिंग उपकरण अनेकदा दूरचित्रवाणीच्याच यूएसबी खाचेतून वीज घेते. यूएसबी २.० खाच प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर प्रवाह देते, तर अशा अनेक उपकरणांना सुमारे १ अँपिअर लागतो. वीज अपुरी पडल्यास उपकरण भार वाढताच पुन्हा सुरू होते आणि हा दोष वाय-फायचा वाटतो. सोबत आलेला अडॅप्टर वापरणे हाच यावरील उपाय आहे. दूरचित्रवाणीची धातूची मागील बाजू संकेत अडवते. एचडीएमआयची आखूड जोडतार लावून उपकरण बाहेर काढल्यास संकेत सुधारतो.

जाळ्याशी संबंध नसलेले दोष

काही दोष जाळ्याचे भासतात, पण तसे नसतात. ४के चित्रासाठी सामान्यतः एचडीसीपी २.२ ही नक्कलरोधक व्यवस्था संपूर्ण मार्गावर असावी लागते. जुनी तार किंवा जुना ध्वनिसंच मध्ये असल्यास पडदा काळा राहतो अथवा दर्जा घटतो. उपकरणाला चित्रसुरक्षेचे वरच्या पातळीचे प्रमाणन नसल्यास वेग कितीही असला तरी सेवा कमी दर्जाचेच चित्र पाठवते. उपकरणाची तारीख व वेळ चुकीची असल्यास सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे नाकारली जातात आणि वाय-फाय जोडलेले असूनही एकही ॲप चालत नाही.

उल्लेखनीय घटना

जानेवारी २०१८ मध्ये अनेक देशांतील घरांत वाय-फाय राउटर वारंवार बंद पडू लागले. अँड्रॉइड भ्रमणध्वनी आणि गूगलची कास्ट सुविधा असलेली उपकरणे झोपेच्या स्थितीतून जागी होताना मल्टिकास्ट डीएनएसची पॅकेट थोड्या अवधीत प्रचंड संख्येने पाठवत होती. एरवी ही पॅकेट सुमारे २० सेकंदांच्या अंतराने जातात. उपकरण जितका अधिक काळ झोपलेले, तितकी पॅकेट अधिक. त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेल्याचेही आढळले. राउटर निर्दोष असूनही या भाराखाली कोलमडत होते. गूगलने त्याच महिन्यात सुधारणा प्रसृत केली.

९ मार्च २०२५ पासून जगभरातील दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट उपकरणे प्रक्षेपण स्वीकारेनाशी झाली. या उपकरणांची सत्यता पटवणाऱ्या साखळीतील एका प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. घरातील जाळ्यात कोणताही दोष नव्हता. कंपनीने उपकरणे फॅक्टरी रीसेट करू नयेत असे आवाहन केले. ज्यांनी आधीच ती रीसेट केली होती, त्यांना उपकरण पुन्हा मांडताना अधिक अडचण आली. काही दिवसांत सुधारणा उपलब्ध झाली.

या दोन्ही घटनांतून असे दिसते की, काल चाललेले उपकरण घरात काहीही न बदलता आज बंद पडले, तर कारण घराबाहेर असू शकते. अशा वेळी प्रथम सेवेची व उत्पादकाची स्थिती पाहणे आणि फॅक्टरी रीसेट हा शेवटचा उपाय मानणे हितावह ठरते.

भारतातील संदर्भ

भारतात २.४ गिगाहर्ट्‌झ पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्‌झ हे भाग ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेद्वारे परवानामुक्त करण्यात आले. परदेशातून आणलेले नोड त्या देशाच्या नियमांनुसार चॅनेल निवडतात, त्यामुळे ते खरेदी करताना देशाची निवड बदलता येते का हे पाहावे लागते.

घराच्या बांधणीचाही मोठा परिणाम होतो. अमेरिकेतील लाकडी सांगाड्याच्या व पातळ भिंतींच्या घरांसाठी सांगितलेला नोडचा आवाका सिमेंट काँक्रीटच्या सदनिकांत मिळत नाही, कारण स्लॅब आणि खांबांतील लोखंडी सळ्या संकेत अडवतात. कोकण व गोव्यातील जांभ्या दगडाच्या घरांत आणि देशावरील जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंतींत ५ गिगाहर्ट्‌झचा संकेत एका भिंतीपलीकडे क्षीण होतो. पाणी शोषलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा संकेत अधिक शोषते, त्यामुळे पावसाळ्यात फरक जाणवू शकतो. अशा घरांत नोडची संख्या वाढवण्यापेक्षा मुख्य नोडपासून एक इथरनेट तार ओढणे अधिक परिणामकारक असते. वीज वारंवार जाणाऱ्या भागांत ओएनटी आणि मुख्य नोड यांना छोटा यूपीएस जोडल्यास प्रत्येक खंडानंतर जाळे नव्याने जुळवण्याची वेळ येत नाही.

देखभाल आणि सुरक्षा

नोडची प्रणाली अद्ययावत ठेवणे हे दोष टाळण्यासाठी आणि सुरक्षेसाठी आवश्यक आहे. व्यवस्थापनाच्या ॲपचा संकेतशब्द वाय-फायच्या संकेतशब्दाहून वेगळा असावा. जाळ्याचे नाव, पत्त्यांची मालिका, नोडच्या जागा आणि केलेले बदल यांची कागदावर नोंद ठेवल्यास मांडणी करणारी व्यक्ती घरी नसतानाही इतरांना जाळे पूर्ववत करता येते. ऑनलाइन शिक्षण, परीक्षा आणि वैद्यकीय सल्ला हेही याच जाळ्यावरून होत असल्याने या नोंदीचे महत्त्व केवळ मनोरंजनापुरते मर्यादित नाही.

उत्पादकाने अद्यतने देणे थांबवल्यावर नोड चालू राहिला तरी त्यातील नव्याने उघड झालेल्या त्रुटी दुरुस्त होत नाहीत. असा नोड बदलावा. मात्र केवळ जुना म्हणून, दोषाचे निदान न करता, स्ट्रीमिंग उपकरण किंवा संपूर्ण संच टाकून देण्याचे कारण नसते. अनेक तक्रारी जागा बदलून, दुसरा राउटर बंद करून किंवा योग्य अडॅप्टर लावून दूर होतात.

हे सुद्धा पाहा

* वाय-फाय
* राउटर
* इथरनेट
* ब्लूटूथ
* प्रकाशीय तंतू